मुलगी मध्येच फ्लॅट सोडतेय, डिपॉझिट ठेवून घेऊ का?

वाचकाचा प्रश्न

पुण्यातल्या कर्वेनगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. पतीच्या पश्चात त्या एकट्या राहतात. दोन बेडरूमचा दुसरा फ्लॅट त्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने देतात आणि घरखर्चाचा मोठा भाग त्या भाड्यावर चालतो. यंदा १ ऑगस्टपासून तीन मुलींशी ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार झाला. महिन्याचं भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००. हे पैसे तीन घरांतून सारख्या हिश्श्याने आले. करारात सहा महिन्यांचं लॉक-इन आहे, म्हणजे तोवर जागा सोडायची नाही, त्यानंतर एक महिन्याची नोटीस, आणि लॉक-इन मोडल्यास डिपॉझिट जप्त, असं कलम आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलीला कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली आहे, ती ३० तारखेला फ्लॅट सोडेल, तिचे २०,००० त्याच दिवशी परत करा. उरलेल्या दोघी म्हणतात, आम्ही आमचे आठ-आठ हजारच देऊ. एजंट म्हणतो, कलम आहे, तिचे २०,००० ठेवून घ्या आणि हिशेब होईपर्यंत तिला सामान हलवू देऊ नका. शेजारीण म्हणते, एकीला सोडलंत तर दरवर्षी हेच होईल. पत्राच्या शेवटी ताईंनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे: डिपॉझिटमधले बरेच पैसे बाथरूमच्या गळतीच्या कामात खर्च झाले आहेत. "मुलगी चांगली आहे, पण मी चांगुलपणा किती दाखवायचा? वाईट ठरायचं की मूर्ख, एवढंच ठरवायचं उरलंय," असं त्या लिहितात.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात वडील बोलतात, एजंट बोलतो, शेजारीण बोलते, उरलेल्या दोघी बोलतात. जी निघाली आहे ती मुलगी मात्र कुठेच बोलत नाही. करारावर सही तिची आहे, म्हणजे ती अठरा पूर्ण आहे आणि कायद्याच्या नजरेत तुमचा व्यवहार तिच्याशी आहे. वडील पैसे भरतात म्हणून त्यांचा शब्द महत्त्वाचा, हे खरंच. तरीही पहिला फोन तिला करा. जाब विचारायला नको, फक्त "काय ठरलंय तुझं, कधी जायचंय?" इतकंच विचारा.

हे सुचवण्यामागे कारण आहे. हॉस्टेलची जागा हे कारण अगदी खरं असू शकतं. प्रवेश रद्द होतात, कोणी दुसऱ्या कॉलेजला जातं, आणि प्रतीक्षायादी दिवाळीच्या आसपासही सरकते. जागा घेतोय की नाही हे चार दिवसांत कळवायला सांगतात, त्यामुळे मुलीला तुम्हाला आधी सांगायला वेळ मिळाला नसेल. पण कधीकधी "हॉस्टेल मिळालं" हे घरच्यांना आणि घरमालकांना सांगायचं सोयीचं कारण असतं. खरं कारण वेगळं असतं: त्या दोघींचं घट्ट जमलं आणि ही बाजूला पडली, पाणी सकाळी तासभरच येतं, रात्री अभ्यासिकेतून परतताना रस्त्यावर कोणी त्रास देतं. तिने सांगितलं म्हणून पैशाचा हिशेब बदलणार नाही. पण त्रास फ्लॅटमध्ये किंवा गल्लीत असेल, तर तिच्या जागी येणारी मुलगीही टिकणार नाही. ते तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. वाईट किंवा मूर्ख, एवढेच दोन रस्ते आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. तिच्या जाण्याने तुमचं नुकसान होणार आहे, ते मोजता येतं, आणि मोजलेलं नुकसान मागण्यात वाईटपणा नाही. मोजल्यावर उरलेले पैसे परत देण्यात मूर्खपणाही नाही. अडचण "जप्त" या शब्दाने केली आहे. तो शब्द करारात आहे म्हणून तो पूर्ण वापरलाच पाहिजे, असं तुम्हाला सांगितलं जातंय.

कलम नीट वाचा. डिपॉझिट जप्त, म्हणजे कोणतं डिपॉझिट? करारात एकच रक्कम असेल, ६०,०००, तिघींची मिळून. कलम अक्षरशः लावलं तर ज्या दोघी नेमाने राहत आहेत, भाडं देत आहेत, त्यांचेही ४०,००० जातात. हे कोणालाच मान्य होणार नाही, एजंटलाही नाही. म्हणून तो २०,००० म्हणतो. पण हा आकडा बहुधा करारात नाहीच, तो त्याने सोयीने काढला आहे.

दुसरं, भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम ७४ अशा दंडाच्या अटींबद्दलच आहे. करारात मोठी रक्कम लिहिली असली तरी न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मंजूर करतं. नुकसानच झालं नसेल तर ठेव गिळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केलं. ते प्रकरण भूखंडाच्या लिलावाचं होतं, पण तत्त्व तुमच्या फ्लॅटलाही लागू पडण्यासारखं आहे. शिवाय कलम ७३ सांगतं की नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते तेही पाहायचं. म्हणजे खोली रिकामी ठेवून दोन महिन्यांचं भाडं तिच्याकडून वसूल करायचं, हे चालणार नाही. नवी मुलगी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न तुमच्याही बाजूने व्हायला हवा.

मग हिशेब असा. लॉक-इन ३१ जानेवारीला संपतं. ती ३० नोव्हेंबरला गेली तर डिसेंबर आणि जानेवारीचा तिचा हिस्सा, म्हणजे जास्तीत जास्त १६,००० रुपये, ही तिची जबाबदारी. नवी मुलगी १ जानेवारीला आली तर जबाबदारी ८,००० वर थांबते. १ डिसेंबरलाच आली तर भाड्याचं नुकसान शून्य. यात तिच्या हिश्श्याचं महावितरणचं थकलेलं बिल आणि नवा करार करण्याचा खर्च मिळवा. तो खर्च तिच्यामुळे होतोय, तेव्हा तो तिने देणं मला योग्य वाटतं. भिंतीवरचे डाग, वापरून सैल झालेली बिजागरी, चार महिन्यांत जुना झालेला रंग हे तिच्या माथी मारू नका. राहत्या घराला वापर होतो आणि त्याचंच तर आपण भाडं घेतो. काही एजंट लॉक-इनचे दोन महिने आणि वर नोटिशीचा एक असे तीन महिने धरतात. तसंही करू नका. नोटीस लॉक-इन संपल्यानंतरच्या काळासाठी आहे, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिच्या घरून कळवलं गेलंच आहे.

गळतीच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते लिहायला धीर लागला असेल. इथे मला थोडं थांबून तुम्हाला विचारावंसं वाटतं. डिपॉझिट ठेवून घेण्याचा सल्ला तुम्हाला इतका पटतोय तो मुलीने करार मोडला म्हणून, की पैसे हातात नाहीत म्हणून? दुसरं कारण असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अचानक काम निघालं आणि घरात असलेला पैसा वापरला, असं अनेक घरांत होतं. फक्त दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. डिपॉझिट तुमच्याकडे असतं, पण ते तुमचं नसतं, आणि गळती दुरुस्त करणं हा घरमालकाचा खर्च आहे. तेव्हा वडिलांना स्पष्ट सांगा: "हिशेबाने इतके निघतात. त्यातले इतके ३० तारखेला देते, उरलेले अमुक तारखेला." तारीख लिहून द्या आणि पाळा. "नवी मुलगी आली की तिच्या डिपॉझिटमधून देते" असं मात्र म्हणू नका. नवी कधी येईल हे कोणाच्याच हातात नाही आणि तोवर तिच्या घरचे ताटकळत राहतील.

उरलेल्या दोघींविषयी तुमच्या मनात थोडा राग दिसतो. त्यांनी "आमचे आठच" म्हटलं ते तुम्हाला उद्धट वाटलं. त्यांच्या बाजूने पाहा. दोघी बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, घरून ठरलेले पैसे येतात, त्यात मेस, बसचा पास, झेरॉक्स. चार हजार जास्तीचे आणायचे कुठून? आता कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण एजंट ते तुम्हाला आज ना उद्या सांगेलच. करार कायद्याच्या कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून एकच वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते वचन पूर्ण करायला त्यांच्यापैकी कोणाही एकाला सांगता येतं. म्हणजे २४,००० रुपये तिघींनी मिळून द्यायचे असं लिहिलं असेल, तर कागदावर तुम्ही दोघींकडे पूर्ण भाडं मागू शकता. मग त्या जाणाऱ्या मुलीकडून तिचा वाटा वसूल करतील, अशी ती रचना आहे.

हा हक्क वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. दयेपोटी म्हणत नाही. आठ हजारांसाठी दोघींना दाबलंत तर फेब्रुवारीत लॉक-इन संपताच त्या नोटीस देतील. तेव्हा एका खोलीची अर्धी बाजू नाही, अख्खा फ्लॅट रिकामा होईल. वार्षिक परीक्षांच्या तोंडावर कॉलेजच्या मुली खोली बदलत नाहीत. तुमचं नुकसान महिन्याला आठऐवजी चोवीस हजारांचं होईल आणि जूनपर्यंत चालेल. म्हणून त्यांना आजच निरोप द्या की ३१ जानेवारीपर्यंत तुमच्यावर जास्तीचा भार येणार नाही. फेब्रुवारीतही जागा रिकामीच राहिली, तर दोघींनी हजार-दीड हजार वाढवून द्यायचे आणि बाकी तुम्ही सोसायचं, असं काहीतरी बसून ठरवा. लॉक-इननंतर जागा रिकामी राहण्याची जोखीम मुळात घरमालकाची असते.

या बदल्यात दोघींकडून एक गोष्ट जरूर मागा: नवी मुलगी शोधायला मदत. ही जबाबदारी सगळ्यात आधी जाणाऱ्या मुलीची, कारण लवकर कोणी मिळालं तर तिचेच पैसे वाचतात. तिला हे सरळ सांगा; पंचवीस दिवस हातात आहेत म्हटल्यावर ती कामाला लागेल. पण पसंती उरलेल्या दोघींची हवी. ज्यांना रात्री एकाच खोलीत दिवा लावायचा-विझवायचा आहे, त्यांना न विचारता एजंटने आणून ठेवलेली मुलगी महिन्यात निघते. शेवटचा होकार तुमचा.

नोव्हेंबर-डिसेंबर हा खोल्या भरण्याचा हंगाम नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या संपल्या की जून ते ऑगस्टची गर्दी ओसरते. म्हणून फक्त कॉलेजच्या मुलींची वाट पाहू नका. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, करणाऱ्या मुली वर्षभर जागा शोधत असतात. जानेवारीपासून इंटर्नशिपला येणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुली, पहिल्या नोकरीला लागलेल्या, रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, यांचं वेळापत्रक कॉलेजच्या दिनदर्शिकेवर चालत नाही. मेसच्या काकूंना सांगा, जवळच्या अभ्यासिकेत चिठ्ठी लावा. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. महर्षी कर्व्यांच्या आश्रमापासून शंभराहून अधिक वर्षं बाहेरगावच्या मुली तिथे शिकायला येत आहेत. त्या भागात मुलींसाठी सुरक्षित घराला मागणी नाही असं होत नाही, उशीर होऊ शकतो एवढंच. आणि चोवीसचे बावीस करावे लागले सहा महिन्यांसाठी, तरी रिकाम्या जागेपेक्षा ते बरं.

सामान अडवण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. तिची गादी, पुस्तकं, लॅपटॉप, कागदपत्रं तिची आहेत. ती अडवून पैसे वसूल करण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि त्याची गरजही नाही, कारण पैसे आधीच तुमच्याकडे आहेत. अशा अडवणुकीतून पोलीस चौकीपर्यंत गेलेली भांडणं होतात आणि तिथे घरमालकाची बाजू पहिल्याच वाक्यात पडते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला दारात अडवणं ही गोष्ट तुम्हाला स्वतःलाही आयुष्यभर बोचेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

एका रविवारी तिघींना फ्लॅटवर एकत्र बसवा. वडिलांना यायचं असेल तर येऊ द्या, नाहीतर फोन स्पीकरवर ठेवा. करार समोर असू द्या. वर सांगितलेला हिशेब एका कागदावर लिहा: ती कोणत्या तारखेला जागा सोडते, किल्ली कधी देते, जागा भरेपर्यंत किंवा ३१ जानेवारीपर्यंत तिच्या डिपॉझिटमधून दरमहा किती वजा होतील, नवी मुलगी आली की वजावट कोणत्या दिवसापासून थांबेल, उरलेली रक्कम कधी आणि कोणत्या खात्यात जाईल. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवा, रोख नको. चौघींच्या सह्या घ्या आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवा. त्याच दिवशी तिच्या कपाटाचे, पलंगाचे, बाथरूमचे फोटोही काढून ठेवा.

नव्या मुलीला जुन्या करारावर तोंडी घेऊ नका. "सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, कशाला खर्च," असं एजंट म्हणेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी, की नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणून उरलेल्या महिन्यांसाठी दोघी आणि नवी अशा तिघींचा ताजा करार करा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. तुमच्या रकमेला सात महिन्यांसाठी ते पाचशेच्या आसपास येईल. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचा मेहनताना वेगळा, तो आधी विचारून घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही नव्याने भरा.

हा करार करताना दोन वाक्यं जास्त घाला. प्रत्येकीच्या भाड्याचा आणि डिपॉझिटचा हिस्सा आकड्यात लिहा. आणि एखादी मध्येच गेली तर जागा भरेपर्यंत, पण जास्तीत जास्त इतके महिने, तिच्याच हिश्श्यातून वजावट होईल, असं लिहा. "जप्त" हा शब्द काढून टाका. डिपॉझिट आलं की त्याची वेगळी मुदत ठेव करा, म्हणजे पुढची गळती त्याला हात लावणार नाही. आणि पुढच्या जूनमध्ये मुली जागा बघायला येतील तेव्हा प्रत्येकीला विचारा: "हॉस्टेलच्या यादीत नाव आहे का तुझं?" असेल तर तिला नाकारू नका. तिचं लॉक-इन तीन महिन्यांचं ठेवा आणि भाडं थोडं जास्त घ्या, किंवा जागा मिळाली तर बदली मुलगी तिने आणायची हे आधीच ठरवा. शेजारीण म्हणते तसं दरवर्षी होणारच असेल, तर त्याची सोय करारात असलेली चांगली.

एवढं करूनही वडील पूर्ण २०,००० वर अडून बसले तर आवाज चढवू नका. सह्या झालेला कागद, करार आणि बँकेच्या नोंदी घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल करण्याआधीची मध्यस्थी तिथे होऊ शकते आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. दहा-पंधरा हजारांच्या वादासाठी वकिलाची फी भरण्यापेक्षा हा मार्ग दोन्ही घरांना परवडेल.

हे सदर वाचणाऱ्या मुलामुलींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हॉस्टेलच्या प्रतीक्षायादीत नाव असेल तर सही करण्याआधी सांगा. भाडं ठरवताना त्याचा विचार करता येतो. आणि जागा सोडायचं पक्कं झालं की त्याच संध्याकाळी घरमालकांना आणि पार्टनरना स्वतः कळवा, बाबांना फोन करायला लावू नका. महिनाभर आधी कळवलेलं असेल, जागा बघायला येणाऱ्यांना तुम्ही स्वतः दार उघडून खोली दाखवत असाल, तर बहुतेक घरमालक हिशेबात नरमाईने घेतात. शेवटच्या महिन्याचं भाडं "डिपॉझिटमधून वळते करा" म्हणून परस्पर थांबवू नका. लाइट बिलात तुमचा वाटा किती निघतो ते आधी बघा, तो भरा, आणि किल्ली परत दिल्याची पोच लेखी घ्या.